जर्मन भाषेची परीक्षा: कोणती द्यायची, कधी द्यायची आणि तयारी कशी करायची

जर्मन शिकायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, "मग परीक्षा कोणती देणार?" परीक्षांची आणि त्या घेणाऱ्या संस्थांची यादी समोर येते: ग्योथे, टेल्क, ओएसडी, टेस्टडाफ, डीएसएच. नवशिक्याला वाटतं यातली सगळ्यात सोपी कोणती ते शोधावं आणि ती देऊन टाकावी. मी इतकंच सांगेन की परीक्षा निवडण्याआधी हा कागद कोणाच्या टेबलावर जाणार आहे ते शोधा. दूतावास, विद्यापीठ, नर्सिंगची मान्यता देणारं खातं, नागरिकत्वाचा अर्ज घेणारं कार्यालय, प्रत्येकाची मागणी वेगळी असते. चुकीचं प्रमाणपत्र हातात असेल तर भाषा कितीही चांगली असो, अर्ज तिथेच अडकतो.

आधी कागद कोण मागतंय ते बघा

जर्मनीत राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचं असेल तर साधारणपणे ए१ लागते (ए१ ते सी२ या भाषेच्या सहा पायऱ्या, ए१ सगळ्यात खालची; त्यांचा अर्थ पुढे येतो). जोडीदाराकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा परवाना, असेल तर ही अट नसते, आणि हे माहीत नसल्यामुळे काही जण विनाकारण घाईघाईने ए१ देतात. औ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळण्यासाठी, जाणाऱ्यांनाही ए१ पुरते. नोकरी शोधायला जाण्यासाठी जे 'संधी कार्ड' आहे, त्यात किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी लागतं, आणि जर्मन जास्त असेल तर गुणही जास्त मिळतात.

आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत घ्यायचं व्यावसायिक प्रशिक्षण, करायचं असेल तर बी१ धरून चाला. नर्सना कामाची पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सहसा बी२ लागते. डॉक्टरांना बी२ च्या वर आणखी एक पायरी चढावी लागते. वैद्यक मंडळाच्या फाखश्प्राखप्र्युफुंग नावाच्या परीक्षेत वीस मिनिटं रुग्णाशी बोलायचं, वीस मिनिटं त्या संभाषणावरून टिपण लिहायचं आणि वीस मिनिटं ज्येष्ठ डॉक्टरला ती केस समजावून सांगायची. नुसत्या बी२ प्रमाणपत्राच्या भरवशावर तिथे जाऊ नये. रुग्ण घाबरलेला असतो आणि पुस्तकातल्यासारखं बोलत नाही, आणि परीक्षेतही त्याची भूमिका करणारा तसाच बोलतो.

विद्यापीठात जर्मनमधून शिकायचं असेल तर टेस्टडाफ, डीएसएच, टेल्क सी१ होखशूले किंवा ग्योथेची सी२ यांपैकी एक चालते. टेस्टडाफमध्ये चारही भागांत टीडीएन ४ ही श्रेणी मिळाली की बहुतेक विद्यापीठांची अट पूर्ण होते. डीएसएच ही परीक्षा विद्यापीठं स्वतः घेतात आणि तिच्यात तीन श्रेणी आहेत: ५७ टक्क्यांना डीएसएच-१, ६७ टक्क्यांना डीएसएच-२, ८२ टक्क्यांना डीएसएच-३. प्रवेशाला सहसा डीएसएच-२ लागते. आपला अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मनची गरज नाही असं म्हणणाऱ्यांना एकच विनंती: तरी बी१ पर्यंत शिकून जा. घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचं पत्र, नोंदणी कार्यालयाचं पत्र, सगळं जर्मनमध्येच येतं.

जर्मनीत स्थायिक झाल्यावर पुढचा टप्पा कायमच्या वास्तव्याचा. ब्लू कार्डधारकाला ए१ वर २७ महिन्यांनी आणि बी१ वर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, म्हणजे एका प्रमाणपत्राने सहा महिने वाचतात. नागरिकत्वासाठी बी१ लागते आणि शिवाय देशाविषयीची चाचणी असते. त्या चाचणीत ३३ प्रश्न असतात आणि १७ बरोबर यावे लागतात. तो अभ्यास वेगळा, पण भाषा येत असली की सोपा जातो.

जिथे अर्ज करायचा आहे तिथल्या संकेतस्थळावर 'मान्य प्रमाणपत्रं' असा भाग असतो. तो स्वतः वाचा, मित्राच्या अनुभवावर सोडू नका. प्रमाणपत्राला स्वतःची मुदत नसली तरी कागद मागणारा बहुधा फार जुनं प्रमाणपत्र घेत नाही, म्हणून तेही तिथेच बघून घ्या.

या अक्षरांचा अर्थ

ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पायऱ्या युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या आहेत. ए१ म्हणजे ओळख, पत्ता, वेळ, खरेदी. ए२ म्हणजे रोजचे व्यवहार. बी१ म्हणजे आपलं मत कारणासह मांडता येणं. बी२ म्हणजे वाद घालता येणं आणि बातमी कळणं. सी१ म्हणजे कामाची आणि अभ्यासाची भाषा सहज वापरता येणं. सी२ बद्दल इथे लिहीत नाही, कारण जो तिथे पोचतो त्याला हा लेख लागत नाही.

वेळेचा अंदाज ग्योथे-इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या तासिकांत देते: बी१ पर्यंत ३५० ते ६५०, बी२ पर्यंत ६०० ते ८००. यात वर्गातल्या तासिका धरल्या आहेत, घरचा अभ्यास वेगळा. म्हणून 'तीन महिन्यांत शून्यापासून बी२' अशी जाहिरात दिसली की हे आकडे आठवा आणि गुणाकार करून बघा.

कोणती संस्था, काय फरक

ग्योथेच्या परीक्षा जगभर होतात आणि जवळजवळ सगळीकडे चालतात. बी१ ची परीक्षा ग्योथे, ऑस्ट्रियाची ओएसडी आणि स्वित्झर्लंडमधलं फ्रीबुर्ग विद्यापीठ यांनी मिळून तयार केली आहे. त्यामुळे ऐकण्याच्या भागात कधीकधी ऑस्ट्रियन किंवा स्विस ढबीचा आवाज येतो. गोंधळून जाऊ नका, भाषा तीच आहे, फक्त चाल वेगळी. ऑस्ट्रियाला जाणाऱ्यांनी ओएसडीचा विचार जरूर करावा.

टेल्कच्या परीक्षा जर्मनीत फार चालतात आणि तिथे जाऊन परीक्षा देणाऱ्यांना सोयीच्या पडतात. जर्मनीत एकात्मता अभ्यासक्रम, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचा भाषेचा आणि देशाच्या ओळखीचा वर्ग, केला तर शेवटी डीटीझेड नावाची परीक्षा असते. ती एकच परीक्षा, पण निकालात तुम्ही ए२ ला पोचलात की बी१ ला ते कळतं. या अभ्यासक्रमात भाषेच्या साधारण ६०० तासिका आणि देशाची ओळख करून देणाऱ्या १०० तासिका असतात.

माझं मत विचाराल तर: पहिल्यांदाच परीक्षा देणाऱ्याने ग्योथे घ्यावी. तिचे नमुना पेपर, ऐकण्याच्या ध्वनिफिती आणि शब्दांच्या याद्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ए१ ची यादी साधारण ६५० शब्दांची आहे, ए२ ची १३००, बी१ ची २४०० च्या आसपास. अशी यादी समोर असली की 'किती शब्द पाठ करू' हा प्रश्नच उरत नाही.

ए१ चा पेपर

ए१ ला वाचन साधारण २५ मिनिटं, ऐकणं २०, लेखन २० आणि बोलणं एका छोट्या गटात साधारण १५ मिनिटं असतं. एकूण १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. लेखनात एक अर्ज भरायचा आणि साधारण ३० शब्दांचा निरोप लिहायचा.

बोलण्यात स्वतःची ओळख करून दिल्यावर परीक्षक नावाचं स्पेलिंग विचारतात. आपल्या लोकांची इथे हमखास गडबड होते, कारण डोक्यात इंग्रजी अक्षरं असतात. इंग्रजीत 'ई' म्हणतात ते जर्मनमध्ये 'ए' आणि इंग्रजीत 'आय' म्हणतात ते जर्मनमध्ये 'ई'. इंग्रजीतलं 'ए' जर्मनमध्ये 'आ' होतं. जे म्हणजे 'योट', व्ही म्हणजे 'फाउ', डब्ल्यू म्हणजे 'वे', वाय म्हणजे 'उप्सिलोन', झेड म्हणजे 'त्सेट'. जोशी आडनावाच्या माणसाने 'योट, ओ, एस, हा, ई' असं म्हणायला हवं. नाव, आडनाव आणि फोन नंबर रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. परीक्षेच्या दिवशी पहिली तीस सेकंदं नीट गेली की पुढचं धैर्य आपोआप येतं.

गटात चिठ्ठ्यांचा भागही असतो. चिठ्ठीवर 'जेवण' किंवा 'रविवार' असा एक शब्द, त्यावरून शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा. "वास इस्ट दू आम झोन्टाग?" म्हणजे "रविवारी तू काय खातोस?" इतकं पुरे. प्रश्न साधा असावा, पण क्रियापदाची जागा चुकू नये.

बी१ चा पेपर, जरा जवळून

बी१ वर जरा रेंगाळतो, कारण बहुतेकांचा खरा अडथळा हाच असतो. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ६० आणि बोलणं दोघांच्या जोडीत साधारण १५ मिनिटं. चारही भाग सुटे आहेत, प्रत्येकाला १०० गुण आणि प्रत्येकात ६० मिळवावे लागतात. एखाद्या भागात नापास झालात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. ए१ आणि ए२ ला ही सोय नाही, तिथे संपूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते. बी२ आणि सी१ च्या परीक्षाही आता अशाच सुट्या भागांच्या आहेत.

लेखनात तीन कामं असतात: मित्राला ८० शब्दांची ईमेल, एखाद्या विषयावर ८० शब्दांत आपलं मत आणि ४० शब्दांचं औपचारिक पत्र. परीक्षक चार गोष्टी बघतात: सांगितलेलं काम पूर्ण झालं का, मजकूर एकसंध आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे आणि व्याकरण कसं आहे. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. कामच पूर्ण नाही असं परीक्षकाला वाटलं आणि त्या निकषाला शून्य मिळालं, तर त्या उत्तराचे सगळे गुण शून्य होतात, मग व्याकरण कितीही सुंदर असो.

माझ्या एका सराव पेपरात मी हेच केलं होतं. नवीन घराबद्दल मैत्रिणीला लिहायचं होतं. प्रश्नात तीन मुद्दे होते: घर कसं आहे, का बदललं, भेटायचं कधी. घराचं वर्णन करण्यात मी इतकी रमले की तिसरा मुद्दा राहूनच गेला. शिक्षिकेने लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'कधी?'. त्या दिवसापासून मी प्रश्नातल्या मुद्द्यांना आकडे देते आणि उत्तर लिहून झाल्यावर त्या आकड्यांवर बोट ठेवून तपासते.

त्याच प्रश्नाचं साधं पण पुरेसं उत्तर असं उभं राहतं. पहिला मुद्दा: "मायने नोये वोनुंग हात त्स्वाय त्सिमर उंट आइनेन क्लाइनेन बाल्कोन." घरात दोन खोल्या आणि एक छोटी गॅलरी. दुसरा: "इश बिन उमगेत्सोगन, वाइल मायन आर्बाइट्सवेग फ्र्यूअर त्सू लांग वार." आधी कामावर जायला फार वेळ लागायचा म्हणून घर बदललं. तिसरा: "हास्ट दू आम झाम्सटाग त्साइट?" शनिवारी वेळ आहे का? या तीन वाक्यांच्या आजूबाजूला आणखी एक-दोन ओळी घातल्या, सुरुवातीला 'लीबे' (प्रिय) आणि शेवटी 'लीबे ग्र्युसे' लिहिलं, की झालं. लांबच लांब वाक्यांचा मोह टाळा. बी१ ला परीक्षकाला 'वाइल' (कारण), 'दास' (की), 'वेन' (जर, जेव्हा) वापरून जोडलेली वाक्यं बघायची असतात, तीन ओळींची गुंतागुंत नाही.

औपचारिक पत्रात 'तू' चालत नाही. तिथे 'झी', म्हणजे आपलं 'तुम्ही' किंवा 'आपण', आणि सुरुवात "झेअर गेएर्टे फ्राउ" किंवा "झेअर गेएर्टर हेर" अशी. शेवट "मित फ्रोएंटलिशेन ग्र्युसेन". मराठीत 'सन्माननीय' आणि 'आपला विश्वासू' जसे ठरलेले, तसेच हे. एका पत्रात 'दू' आणि 'झी' मिसळले तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं.

बोलण्याच्या भागात आधी १५ मिनिटं तयारीला मिळतात. मग जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं, जसं आजारी सहकाऱ्याला भेटायला कधी जायचं, सोबत काय न्यायचं. त्यानंतर एका विषयावर छोटं भाषण: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे आणि आपलं मत, शेवट. पाच चित्रफलक समोर ठेवलेले असतात, त्यांच्या क्रमाने गेलं की भाषण आपोआप आकार घेतं. शेवटी एकमेकांच्या भाषणावर प्रतिक्रिया आणि एक प्रश्न.

पहिल्या भागात अनेक जण पाठ केलेलं म्हणून दाखवतात आणि जोडीदाराचं ऐकतच नाहीत. तो "रविवारी जाऊया" म्हणतो आणि आपण "मला वाटतं आपण फुलं नेऊया" म्हणतो. त्याच्या बोलण्याला आधी उत्तर द्या: "दास इस्ट आइने गूटे इडे, आबर आम झोन्टाग हाबे इश कायने त्साइट." कल्पना चांगली आहे, पण रविवारी मला वेळ नाही. सुचवायचं असेल तर "वी वेअरे एस, वेन...", म्हणजे "...तर कसं होईल?", असं सुरू करा. समजलं नाही तर "क्योन्टेन झी दास बिटे वीडरहोलेन?" असं सरळ विचारा. पुन्हा सांगायला सांगणं हेही संवादाचं कौशल्यच आहे, गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

ऐकणं: आकडे आणि वेळ

बी१ च्या ऐकण्यात काही भाग दोनदा वाजतात आणि काही एकदाच. एकदाच वाजणाऱ्या भागात माणूस एखाद्या शब्दावर अडकतो आणि पुढचे दोन प्रश्न निघून जातात. एक उत्तर गेलं तर जाऊ द्या, पुढच्यावर डोळे ठेवा. ध्वनिफीत सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला वेळ मिळतो, तो एकेक सेकंद वापरा आणि मुख्य शब्दांखाली रेघ ओढा.

आकड्यांची मात्र आपल्याला भीती नको. इंग्रजी बोलणाऱ्याला 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'पाच आणि वीस', उलटं वाटतं, पण आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधीच म्हणतो. बत्तीस, त्रेचाळीस, सत्त्याऐंशी, सगळीकडे एकक आधी. जर्मन आकडा ऐकताना इंग्रजीत विचार करू नका, मराठीत करा.

घड्याळाची वेळ मात्र सापळा आहे. 'हाल्ब द्राय' ऐकलं की कान 'अर्धा' आणि 'तीन' पकडतो आणि हात साडेतीन लिहितो. उत्तर आहे अडीच. गंमत अशी की आपला 'अडीच' हा शब्दही मूळ संस्कृत 'अर्धतृतीय' वरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूस अजून तोच हिशेब करतो. 'हाल्ब' ऐकलं की पुढच्या आकड्यातून अर्धा वजा करायचा, एवढं मनात ठेवा.

रोज ऐकायला काय ठेवायचं? डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोज वेग' नावाची चित्रफितींची मालिका ए१ ते बी१ पर्यंत नेते आणि ती फुकट आहे. त्यानंतर त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या. पहिल्यांदा न वाचता ऐका, दुसऱ्यांदा मजकूर बघत ऐका, तिसऱ्यांदा स्वतः मोठ्याने वाचा. रोजची वीस मिनिटं आठवड्याच्या एका तीन तासांच्या बैठकीपेक्षा जास्त फळ देतात.

वाचन

वाचनात सगळा मजकूर समजून घ्यायचा हट्ट सोडा. आधी प्रश्न, मग मजकूर. जाहिरातींचा भाग असेल तर माणसाची गरज आणि जाहिरातीतली अट एकमेकींशी जुळवा: 'फक्त आठवड्याच्या दिवशी' असा एक शब्द सगळं उत्तर बदलतो. उत्तरं उत्तरपत्रिकेवर त्या ६५ मिनिटांतच उतरवायची असतात, नंतर वेगळा वेळ मिळत नाही. ऐकण्याच्या शेवटी मात्र पाच मिनिटं मिळतात.

मराठी येतं, हा खरा फायदा

मराठी माणसाला जर्मन शिकताना इंग्रजीतून जाण्याची सवय लागते, कारण पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. तिथेच आपण आपली हातातली गोष्ट टाकून देतो.

जर्मनमध्ये 'वाइल' नंतर क्रियापद शेवटी जातं: "वाइल इश आर्बाइटेन मुस." शब्दाला शब्द लावला तर 'कारण मला काम करावं लागतं'. शब्दांचा क्रम अगदी आपला आहे. तसंच 'आवडणं'. "दास गेफेल्ट मिर" म्हणजे 'ते मला आवडतं'. यातलं 'मिर' हे आपलं 'मला'. थंडी वाजली तर जर्मन म्हणतो "मिर इस्ट काल्ट", मला थंडी वाजते आहे. इंग्रजीतून भाषांतर करणारा 'इश बिन काल्ट' म्हणतो आणि त्याचा अर्थ 'मी थंड स्वभावाचा आहे' असा होतो. मराठीतून विचार केलात तर ही चूक होतच नाही.

लिंगांचंही तसंच. देर, डी, दास ऐकून इंग्रजी बोलणारे घाबरतात. आपल्याकडे तो, ती, ते तीनही आहेतच. लिंगं जुळत नाहीत, ही अडचण आहे. सूर्य आपल्याकडे 'तो', तिथे 'डी झोने', ती. टेबल आपल्याकडे 'ते', तिथे 'देर टिश', तो. म्हणून शब्द कधीच एकटा पाठ करू नका. 'टिश' नाही, 'देर टिश'. 'झोने' नाही, 'डी झोने'. वहीत तीन रंग ठेवले तर डोळ्यालाही सवय होते. आणि 'मेट्शेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, असा प्रश्न पडला तर आपलं 'ते लेकरू', 'ते पोर' आठवा.

उच्चारातही एक देणगी आपल्याकडे आहे. जर्मन 'त्साइट', 'त्सूग' यातला पहिला आवाज इंग्रजी शिकलेल्यांना जमत नाही, ते 'झाइट' म्हणतात. मराठीत 'चमचा', 'चाक', 'चूल' यातला च तोच आहे. 'चहा'तला नाही, 'चमचा'तला. 'यू'वर दोन टिंबं असलेला आवाज मात्र नवा आहे: तोंडाचा चंबू 'ऊ' सारखा ठेवा आणि आतून 'ई' म्हणा. आरशासमोर काही दिवस केलं की बसतो.

शेवटचे सहा आठवडे

परीक्षेची तारीख आधी नोंदवा, जागा लवकर भरतात. मग मागे मोजत या.

पहिल्या आठवड्यात एक संपूर्ण नमुना पेपर घड्याळ लावून सोडवा, काहीही न शिकता. कुठला भाग कच्चा आहे ते कळतं, आणि पुढचा वेळ त्या भागाला द्यायचा. पुढच्या चार आठवड्यांत रोज एक छोटं लेखन, रोज वीस मिनिटं ऐकणं, आणि आठवड्यातून दोनदा कोणाशीतरी बोलणं. जोडीदार मिळाला नाही तर फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. ऐकताना लाज वाटते, पण चुका सापडतात. लिहिलेलं तपासून घेणारं माणूस मात्र शोधाच. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि तीच चूक पन्नास वेळा लिहिली की ती हाताला बसते.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नको. दोन नमुना पेपर, जुन्या चुकांची वही आणि पुरेशी झोप.

परीक्षेच्या दिवशी

नोंदणीत नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, एका अक्षराचाही फरक नको, कारण तेच नाव प्रमाणपत्रावर येतं आणि दूतावास दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. पासपोर्ट सोबत न्या. उत्तरपत्रिकेवर पेन्सिल नको, निळं किंवा काळं पेन दोन घेऊन जा. फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि परीक्षेच्या खोलीत तो वाजला तर परीक्षेतून बाहेर काढू शकतात. बोलण्याचा भाग कधीकधी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी असतो, तेव्हा वेळापत्रक मिळाल्यावर नीट वाचा.

प्रमाणपत्र पैसे देऊन 'करून देतो' असं सांगणारी माणसं सगळीकडे असतात. परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि दूतावास प्रमाणपत्राची खातरजमा करतात. खोटा कागद सापडला की व्हिसा नाकारला जातो आणि त्याची नोंद राहते. आपल्याला तिकडे पोचल्यावर रोज जर्मन बोलायचं आहे, ते पैसे देऊन येत नाही.

निकाल हातात आला की भागवार गुण बघा. एखादा भाग ५६ वर अडकला असेल तर बी१ पासून पुढे तेवढाच पुन्हा देता येतो. त्यासाठी नवीन पुस्तक घेऊ नका, त्याच भागाचे नमुना पेपर पुन्हा काढा, घड्याळ लावा आणि जिथे वेळ संपला होता तिथूनच सुरुवात करा.